ग्लास फायबरचं काम करून घ्यायचंय? ग्लास कुठला, रेझिन कुठलं आणि टाकीचं लायनिंग कसं, सगळं सविस्तर

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर चिंचोलीत कुठल्याही कारखान्यात गेलं की फायबरचं काहीतरी दिसतंच. डाय हाऊसच्या (सूत-कापड रंगवायच्या कारखान्याच्या) टाक्या, कूलिंग टॉवर, केमिकलच्या पाइपा, शेडवरचे उजेडाचे पत्रे. पण मालकाला विचारलं की यात ग्लास कुठला टाकलाय आणि रेझिन कुठलं, तर बहुतेक जण एवढंच सांगतेत की "फायबर आहे". आणि मग टाकी पाझरायला लागली की फायबर बेकार असं म्हणून मोकळे होतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण माल चांगला असतोय, निवड चुकलेली असते. ग्लासची जात, कापडाची वीण आणि रेझिन ही तिन्ही कामाकडं बघून ठरवली तरच ग्लास फायबरचा फायदा पदरात पडतो, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

आधी फायबर म्हणजे काय ते

सिलिका वाळू, चुनखडी, ॲल्युमिना वगैरे भट्टीत साधारण १४०० अंशाच्या आसपास वितळवतात, मग प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक भोकांच्या पट्टीतून तो रस खाली येतो आणि जोरात ओढून त्याचा तंतू करतात. तंतूची जाडी साधारण ९ ते २४ मायक्रॉन, आपला केस अंदाजे ७० मायक्रॉनचा असतो, यावरून कल्पना करा. धंदा म्हणून हे अमेरिकेत १९३० च्या दशकात उभं राहिलं, ओवेन्स कॉर्निंग कंपनी १९३८ ची, आणि १९५३ मध्ये शेवरोले कॉर्व्हेट गाडीची अख्खी बॉडीच ग्लास फायबरची आली.

खिडकीची काच टिचकीत फुटते आणि त्याच काचेचा तंतू एवढा मजबूत कसा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. काच फुटते ती तिच्या अंगावरच्या बारीक बारीक चरांमुळं. तंतू इतका बारीक आणि ताजा ओढलेला असतो की त्यात मोठा दोष राहायला जागाच नसते, त्यामुळं ई-ग्लासचा सुटा तंतू ३४०० मेगापास्कलच्या आसपास ताण घेतो, तर साधं माइल्ड स्टील ४००-५०० ला तुटतं. पण सुट्या तंतूवर कुणी टाकी बांधत नाही. त्याला रेझिनमध्ये, म्हणजे आधी पातळ असून नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, बसवावं लागतं, रेझिन तंतूंना जागेवर धरतं, एकाचा भार दुसऱ्यावर नेतं आणि केमिकल-पाण्यापासून त्यांना वाचवतं. तंतूवर कारखान्यातच सिलेन नावाच्या रसायनाचा पातळ लेप दिलेला असतो, त्याच्यामुळं रेझिन काचेला घट्ट धरतं. म्हणून मॅटचे (ग्लास तंतूंच्या चटईचे) रोल ओल लागेल असे उघड्यावर टाकू नका. आपल्याकडं सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, तेव्हा अर्धवट वापरलेला रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडवा ठेवायचा. ओल्या मॅटवर रेझिन नीट चढत नाही.

ग्लासच्या जाती

बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो ई-ग्लास. मूळचा इलेक्ट्रिकलच्या इन्सुलेशनसाठी काढलेला, घनता २.५५ च्या आसपास, स्वस्त, नव्वद टक्के कामाला पुरतो असं धरून चाला. पण पातळ ॲसिडमध्ये ताणाखाली ठेवला तर तो तडकत जातो, तिथं ईसीआर ग्लास मागायचा. त्यात बोरॉन नसतं आणि ॲसिडला तो चांगला टिकतो. सी-ग्लास बहुतेक वरच्या पातळ टिश्यूच्या रूपात भेटतो. एस-ग्लास जास्त ताकदीचा आणि महाग, विमानं-संरक्षण वगैरे, आपल्या कामाचा नाही. सिमेंटमध्ये मिसळायचा असेल तर एआर ग्लासच घ्या, त्यात झिर्कोनिया असतं. साधा ई-ग्लास सिमेंटच्या अल्कलीत खराब होत जातो.

मॅट की कापड की रोव्हिंग

हा भाग सोलापूरकराला समजावून सांगायला फार सोपा आहे. चादर ताण्याच्या दिशेला ओढली तर वेगळी वागते, बाण्याच्या दिशेला वेगळी आणि तिरकी ओढली की लगेच वाकडी होते, ग्लासचं कापड अगदी तसंच. जिकडं तंतू तिकडं ताकद.

चॉप्ड स्ट्रँड मॅटमध्ये साधारण ५० मिलिमीटरचे तुकडे कसेही पसरलेले असतात, त्यामुळं ताकद सगळीकडं सारखी पण मध्यम. ३००, ४५०, ६०० जीएसएममध्ये मिळते, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम, टॉवेलच्या गावात हे सांगायची खरं तर गरज नाही. वोव्हन रोव्हिंग म्हणजे जाड विणलेलं कापड, ३६० किंवा ६०० जीएसएम, दोन दिशेला जोरदार, पण नुसतं त्याचेच थर एकावर एक टाकले तर मधे रेझिनचा पातळ थर राहून ते सुटू शकतात, म्हणून दोन कापडांच्या मधे एक मॅट टाकायची पद्धत आहे. आणि सलग रोव्हिंग, म्हणजे न कापलेल्या तंतूंचा जुडगा, २४०० किंवा ४८०० टेक्स (किलोमीटरला तेवढे ग्रॅम). याच्यापासून पल्ट्रुजनचे (रेझिनमध्ये भिजवलेले तंतू साच्यातून ओढून केलेले) चॅनल-अँगल होतात आणि गोल टाक्या-पाइपा वाइंडिंगनं, म्हणजे साच्यावर गुंडाळून, होतात.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो कारण फार लोक फसतात. साध्या मॅटला धरून ठेवणारा जो बाइंडर असतो तो पॉलिएस्टर आणि व्हिनाइल इस्टर या रेझिनांमधल्या स्टायरिनमध्ये (रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळतो आणि मग मॅट मऊ पडून कोपऱ्यात बसते. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये स्टायरिन नसतं, त्यात ती मॅट ताठच राहते. इपॉक्सी वापरायचं तर विणलेलं नाहीतर शिवलेलं कापड घ्यायचं.

फायदे, आकड्यांसकट

"स्टीलपेक्षा मजबूत" हे सेल्समनचं वाक्य अर्धवट आहे. हातानं मॅट टाकून केलेल्या लॅमिनेटमध्ये (ग्लास-रेझिनच्या थरांच्या पत्र्यात) वजनानं ३० टक्के ग्लास बसतो, त्याची ताकद ८० ते १०० मेगापास्कलच्या घरात आणि कडकपणा म्हणजे मॉड्युलस ७-८ गिगापास्कल, स्टीलचा मॉड्युलस २००. पल्ट्रुजनमध्ये ग्लास ६०-७० टक्क्यांपर्यंत जातो तेव्हा लांबीच्या दिशेला ताकद स्टीलच्या बरोबरीला येते, पण कडकपणा तरी ३५-४० च्या पुढं सहसा जात नाही. म्हणजे फायबर तुटण्याआधी वाकतं, आणि डिझाइन वाकण्यावर करायला पाहिजे.

हिशोब करून दाखवतो. २ मिलिमीटर स्टीलच्या पत्र्याइतका न वाकणारा मॅटचा पत्रा पाहिजे असेल तर जाडी साधारण ६ मिलिमीटर लागते, कारण वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणं वाढतो. जाडी तिप्पट झाली तरी वजन बघा. स्टीलचा चौरस मीटर १५.७ किलो आणि फायबरचा ९ किलोच्या आत. आणि नुसती जाडी वाढवण्याऐवजी मागून रिब दिल्या किंवा मधे फोम टाकला तर वजन अजून उतरतं. हे मला या मालातलं सगळ्यात सुंदर वाटतं, आकार देऊन कडकपणा मिळवता येतो आणि आकार देणं तर फायबरमध्ये फुकट आहे, साचा जसा तसा माल.

बाकी फायदे भराभर सांगतो. गंज नाही. वीज वाहत नाही, म्हणून लाइनमनच्या शिड्या, केबल ट्रे, आणि आपल्या मोबाइल-टीव्हीतला हिरवा सर्किट बोर्ड हा सुद्धा ग्लासच्या कापडाचा आणि इपॉक्सीचाच असतो. उष्णता वाहकता ०.२-०.३ च्या आसपास, स्टीलची ५० च्या जवळ, त्यामुळं गरम टाकीला बाहेरून हात लावला तरी स्टीलसारखा चटका लगेच बसत नाही. चुंबकाला चिकटत नाही. रेडिओच्या लहरी आरपार जातात. पवनचक्कीची पाती, रेल्वेच्या डब्यातले टॉयलेट, कूलिंग टॉवरचे पंखे हे सगळं यातच होतं. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या आहेत, तिथं वाफ-ओल-ॲसिड सगळं एकत्र असतंय, लोखंडी जाळी सारखी सारखी बदलायच्या ऐवजी फायबरची ग्रेटिंग टाकली की ते काम बऱ्याच काळासाठी डोक्यातून जातं. नायलॉनमध्ये ३० टक्के ग्लास घातला तरी त्याची ताकद दुपटीच्या आसपास जाते, मोटारीच्या इंजिनाजवळचे कितीतरी पार्ट त्याचेच असतेत.

तोटे पण तितक्याच स्पष्ट सांगायला पाहिजेत. रेझिन जळतं, आगीचा धोका असेल तिथं फायर रिटार्डंट ग्रेड लेखी मागा. उन्हात वरचं रेझिन झिजून तंतू उघडे पडतात, त्याला यूव्ही स्टॅबिलायझर असलेला जेलकोट (वरचा नुसत्या रेझिनचा थर) लागतो. आणि वापरून झालेला माल वितळवून परत करता येत नाही.

रेझिन ठरवणं

साधं जनरल पर्पज पॉलिएस्टर ६०-७० अंशाला मऊ पडायला लागतं. आपल्या मे महिन्यात हवाच ४२-४३ असते आणि गडद रंगाचा पत्रा उन्हात साठीच्या वर जातो, त्यात आत गरम पाणी असलं तर विचारूच नका. त्यामुळं सोलापुरात उन्हात उभी राहणारी कुठलीही भार घेणारी वस्तू किमान आयसोफ्थॅलिक रेझिनमध्ये करा, ते ९०-१०० पर्यंत चालतं. केमिकल असेल तर व्हिनाइल इस्टर.

डाय हाऊसमध्ये कॉस्टिक, पेरॉक्साइड, ॲसेटिक ॲसिड, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि मीठ असं सगळं असतं. कॉस्टिक काचेलाच खातो, म्हणून कॉस्टिकच्या टाकीला आतला पहिला थर सी-ग्लास टिश्यूचा न देता पॉलिएस्टर धाग्याच्या सिंथेटिक व्हेलचा (काचेऐवजी कृत्रिम तंतूंच्या पातळ अस्तराचा) द्यायचा आणि रेझिन व्हिनाइल इस्टर. इथल्याच एका डाय हाऊसची टाकी उघडून बघितली तेव्हा आतली टिश्यू सुटून बोटाला पांढरा भुसा लागत होता आणि खालची मॅट उघडी पडली होती, बाहेरून टाकी मात्र नव्यासारखी. हायपोला पण सिंथेटिक व्हेलच, आणि तिथं रेझिन पक्कं करायच्या नेहमीच्या कोबाल्ट-एमईकेपी या रसायनांच्या ऐवजी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि डायमिथाइल ॲनिलिनची सिस्टिम वापरतात, कारण कोबाल्टमुळं हायपोचं विघटन वाढतं. तुमचं केमिकल, टक्केवारी आणि तापमान लिहून रेझिन कंपनीकडून चार्ट मागवा, सगळ्या चांगल्या कंपन्या देतात.

आता काम: सिमेंटच्या टाकीचं लायनिंग

उदाहरण धरू, आतून २ मीटर लांब, १.५ रुंद, १.२ खोल. तळ ३ चौरस मीटर, चार भिंती ८.४, एकूण ११.४, जोडाच्या लॅपसाठी वाढवून १२.५ धरा. ४५० च्या मॅटचे तीन थर, वर एक व्हेल, शेवटी टॉपकोट. मॅट १७ किलो. मॅटला रेझिन सव्वादोनपट म्हणजे ३८ किलो, व्हेलला ४, प्रायमरला ३, टॉपकोटला ५, झाले ५०, आणि वाया जाणारं धरून ५५ किलो मागवा. ४५० चा एक थर साधारण १ मिलिमीटर भरतो, म्हणजे लायनिंग ३ च्या थोडं वर. कोटेशन देणाऱ्यानं ३० किलोच रेझिन लिहिलं असेल तर त्याला विचारा की बाकीचं कुठं गेलं.

पहिलं काम काँक्रीटचं. नवीन असेल तर २८ दिवस होऊ द्या. वरची पिठासारखी सिमेंटची साय ग्राइंडरनं पूर्ण काढायची, खडे दिसले पाहिजेत. मग दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारी बाजूनं टेप लावून रात्रभर चिकटवा, सकाळी खाली घाम किंवा काँक्रीट काळं दिसलं तर ओल आहे, अजून थांबा. ओल्या काँक्रीटवर केलेलं लायनिंग फुगे धरतं आणि सोलून निघतं, मग आतला ग्लास कितीही भारी असू द्या. जमिनीखालची टाकी असेल तर बाहेरून पाण्याचा दाब येतो, आधी बाहेरचं वॉटरप्रूफिंग.

कोपरे काटकोनात सोडू नका. रेझिन आणि सिलिका पावडरची पुट्टी करून २५ मिलिमीटरच्या आसपास गोलाई द्या. काटकोनात मॅट वाकत नाही, मागं हवा राहते आणि पहिली गळती तिथूनच होते.

मग प्रायमर, आणि तो वाळला की मॅट. मॅट आधीच मापात कापून नंबर टाकून ठेवा, कारण रेझिन कालवल्यावर घड्याळ सुरू होतं. कडा कात्रीनं सरळ कापण्यापेक्षा हातानं फाडलेल्या बऱ्या, जोडाला उंचवटा येत नाही. लॅप ५० मिलिमीटर, आणि वरच्या थराचा जोड खालच्या जोडावर येता कामा नये.

रेझिन कालवताना दोन गोष्टी डोक्यात कोरून ठेवा. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग वापरायच्या वेळी एमईकेपी, दोघांची मापं वेगळी, भांडी वेगळी. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात लवकर सेट होतंय म्हणून पोरं एमईकेपी अर्ध्यावर आणतात. १ टक्क्याच्या खाली गेलं की रेझिन वरून कडक दिसलं तरी आतून कच्चं राहतं आणि नंतर काही केलं तरी पक्कं होत नाही. सेट व्हायचा वेळ वाढवायचा असेल तर कोबाल्ट कमी करा किंवा पुरवठादाराकडून उन्हाळ्याची ग्रेड घ्या. ढोबळ मानानं १० अंश तापमान वाढलं की जेल टाइम (रेझिन घट्ट व्हायला लागायचा वेळ) अर्ध्यावर येतो, म्हणून मार्च ते जून काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत थांबायचं, ड्रम सावलीत ठेवायचा आणि एका वेळी दीड किलोच्या वर कालवायचं नाही. बादलीभर रेझिन तसंच ठेवलं तर ते आपल्याच गरमीनं धूर सोडायला लागतं.

आधी भिंतीवर रेझिन, त्यावर मॅट, मग ब्रशनं ठोकत ठोकत रेझिन. ब्रश ओढायचा नाही, ओढला की तंतू गोळा होतात. मिनिटभरात बाइंडर विरघळला की पांढरी मॅट हळूहळू आरपार होते आणि खालचा करडा रंग दिसायला लागतो, तेव्हा ॲल्युमिनियमचा खाचांचा रोलर मधून कडेकडं फिरवायचा, चर्रचर्र असा आवाज येत हवा कडेनं निघते. जिथं पांढरं राहिलं तिथं रेझिन पोचलं नाही, जिथं दुधी गोल ठिपका तिथं हवा. ओलं आहे तोवरच दुरुस्त होतं. आणि जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबूत हा समज काढून टाका, तळाला साचलेलं नुसतं रेझिन ठिसूळ असतं आणि तडकतं.

भिंतीवर दोन थर झाले की जेल होऊ द्या, मग तिसरा आणि त्यावर व्हेल. दोन दिवसांच्या वर खंड पडला तर पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा थर नको. शेवटच्या टॉपकोटमध्ये मेणाचं द्रावण पाहिजे, हवेच्या संपर्कात रेझिन चिकट राहतं, मेण वर येऊन हवा अडवतं.

कामगारांची काळजी

टाकीच्या आत काम म्हणजे स्टायरिनची वाफ, आणि ती हवेपेक्षा जड, तळाला साचते. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा बाहेर खेचायची, वर एक माणूस कायम उभा पाहिजे, आत एकट्याला उतरवायचं नाही. ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क लागतो, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. विडी-सिगारेट, वेल्डिंग, उघडा बल्ब लांब. एमईकेपी हाताळताना गॉगल सक्तीचा, डोळ्यात गेलं तर कायमची नजर जाऊ शकते, लगेच पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवून दवाखाना गाठायचा. एमईकेपी सांडलं तर लाकडाच्या भुश्यानं पुसू नका, पेट घेऊ शकतं. ग्लासची खाज सुटली तर न खाजवता गार पाणी आणि साबण, कामाचे कपडे घरच्या कपड्यात धुवायचे नाहीत. कापताना-घासताना डस्ट मास्क. हे सामान मालकानं आणून द्यायचं आहे, कामगारानं मागायची वाट बघू नये.

काम ताब्यात घेताना

पैसे द्यायच्या आधी हे करा. कापडाला ॲसिटोन लावून टॉपकोटवर घासा, चिकट लागलं किंवा मऊ पडलं तर क्युअर झालेलं, म्हणजे आतून पक्कं झालेलं, नाही. बारकोल मीटर (कडकपणा मोजायचं यंत्र) मिळाला तर रेझिन कंपनीच्या आकड्याच्या किमान ९० टक्के रीडिंग यायला पाहिजे. मग रुपयाचं नाणं घेऊन सगळीकडं टकटक करा, भरीव आवाजाच्या मधेच पोकळ आवाज आला की तिथं खडूनं गोल करा, तो भाग कापून परत करून घ्या. शेवटी साधं पाणी भरून २४ तास. केमिकल लगेच टाकू नका, आठवडाभर तरी थांबा, किंवा हॉट एअर ब्लोअरनं ८० अंशाला काही तास पोस्ट-क्युअर करून घ्या, गरम द्रावणाच्या टाकीला तर मी तो खर्च करायलाच सांगेन.

पुढं कधी तडा गेलाच तर वरून पुट्टी फासून उपयोग नाही. टाकी रिकामी करून, धुऊन, पूर्ण सुकवा, तड्याच्या चारी बाजूनं किमान ५० मिलिमीटर घासत उतार काढा, खराब मॅट पांढरी दिसते ती संपेपर्यंत घासायचं, ॲसिटोननं पुसायचं आणि लहान तुकड्यापासून मोठ्या तुकड्याकडं जात तेवढेच थर परत टाकायचे, त्याच जातीचा ग्लास, त्याच जातीचं रेझिन. म्हणून काम झाल्या दिवशीच रेझिनचं नाव, ग्रेड, बॅच नंबर आणि थरांचा क्रम एका कागदावर लिहून घ्या आणि टाकीच्या बाहेरच्या बाजूला पेंटनं पण लिहून ठेवा.